पुस्तक फुकट द्या, घाम फुकट मागू नका

मी गोदीत हमाली करतो. कंटेनरचं दार उघडलं की कधी कधी आत कागदाची रिळं निघतात. परदेशातून आलेली, पांढरीफेक. मुकादम शिव्या घालतो, आमची टोळी रिळं बाहेर काढते. त्या कागदावर पुढं काय छापणार हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही कधी विचारलंही नाही.

गेल्या जूनमध्ये मात्र विचारावंसं वाटलं. पाळी संपली आणि गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, पुस्तकायचे चौदाशे लागतेत."

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. माय दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. मी दहावी झालो आणि विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात संडासाजवळ बसून मुंबईला आलो. बहीण शिकतेय. आमच्या खानदानात बी.ए.च्या वर्गात बसलेली ती पहिली. चौदाशे म्हणजे मायच्या किती दिवसांच्या रोवणीचे, याचा हिशोब मी फोनवरच केला. तिनं तो माझ्याआधीच केला होता. म्हणून तिचा आवाज बारीक झाला होता.

दोस्तांनो, सरकारचा खेळ बघा. आठवीपर्यंत सरकारी शाळेत पुस्तकं फुकट. बारावीपर्यंत बालभारतीचं पुस्तक मोबाईलवर फुकट उतरतं. पोरगी कॉलेजात गेली की सरकारचा हात आखडतो. स्कॉलरशिप? ती येते परीक्षा झाल्यावर. वरातीमागून घोडं. त्यात 2024 पासून नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडच्या कॉलेजांत लागू झालं, अभ्यासक्रम बदलला. वरच्या वर्गातल्या पोरींकडून निम्म्या किमतीत मिळायची ती पुस्तकं एका फटक्यात रद्दी झाली.

मग पोरं काय घेतात? गाइड. वीस अपेक्षित प्रश्न, वीस तयार उत्तरं. ज्याच्याकडे पैसा त्याला पुस्तक, ज्याच्याकडे नाही त्याला पाठांतर. एकलव्याचा अंगठा कापायला आता सुरी लागत नाही, किंमतीची चिठ्ठी पुरते. आणि तोच पोरगा उद्या मुलाखतीत अडखळला की खुर्चीवरचे साले आपापसात हसतात, "आरक्षणवाले. बेसिकच कच्चं."

हे सगळं मी एका कविसंमेलनात एका विद्वानाला सांगितलं. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "अरे, आता सगळं इंटरनेटवर फुकट आहे. स्वयम् आहे, ई-पीजी पाठशाला आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. तुमची मुलं वाचत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

विद्वान महाराज, माल जहाजात आहे म्हणजे तो दुकानात पोचला असं होत नाही. तो उतरवावा लागतो, मोजावा लागतो, फुटका-सडका बाजूला काढावा लागतो, ट्रकात भरावा लागतो. त्याला माणसं लागतात, माणसांना मजुरी लागते. तुमच्या फुकटच्या ज्ञानसागराचंही तेच. त्यातलं बरंचसं इंग्रजीत. आमच्या पोरीच्या अभ्यासक्रमाशी ते जसंच्या तसं जुळत नाही. कुणीतरी बसून ते शोधायचं, तपासायचं, मराठीत आणायचं, घटकाप्रमाणे लावायचं, प्रश्न काढायचे. अर्थशास्त्राच्या धड्यात आमचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, ते आले पाहिजेत. तेंदूपत्त्याचा लिलाव आला पाहिजे, बिडीची मजुरी आली पाहिजे. म्हणजे पोरीला कळेल की अर्थशास्त्र म्हणजे तिच्या मायच्या कमरेचं दुखणं. एवढं काम कोण करणार? आणि रात्री जागून करणाऱ्याला पैसे कोण देणार?

बहिणीच्या कॉलेजात एक सर होते. आपल्यातलेच, सेट पास. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे काही नाही, उन्हाळ्यात चूल थंड. त्यांची आणि माझी जात जुनीच, पण धंद्यातही आम्ही एकच निघालो, दोघंही रोजंदारीवर. पोरांकडे पुस्तकं नाहीत हे बघून त्या माणसानं एका विषयाच्या चाळीस पानांच्या नोट्स मराठीत लिहिल्या आणि व्हॉट्सॲपवर वाटल्या. बहीण त्यावर पास झाली. वर्गातल्या अर्ध्या पोरी त्यावर पास झाल्या. सरांना काय मिळालं? एक पैसा नाही. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलंसुद्धा नाही. सर गेले, चाळीस पानं मोबाईलच्या कचऱ्यात गेली, नव्या पोरी पुन्हा गाइडच्या दुकानासमोर.

आता म्हणाल, मास्तरला शिकवण्याचे पैसे मिळतात, पुस्तकाचे वेगळे कशाला? कारण पुस्तक करणं ही वेगळी मेहनत आहे. अमेरिका भांडवलदारांची राजधानी. तिथंसुद्धा हे कळलं. 2015 साली कॅलिफोर्निया राज्यानं कायदाच केला. सरकारी कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी महागडं पुस्तक सोडून फुकट किंवा स्वस्त साहित्य लावावं, म्हणून एकेका कॉलेजाला 50,000 डॉलरपर्यंत अनुदान. पैसा प्रकाशकाच्या गल्ल्यात न टाकता, पुस्तक बदलण्याच्या कामाला दिला. बाराखडीइतकी साधी गोष्ट आहे. पुस्तक एकदाच करायचं, त्याची मजुरी एकदाच द्यायची, मग हजारो पोरांनी ते फुकट वाचायचं.

आमच्याकडे पैसा नाही असं मात्र कुणी सांगू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं देशातल्या सरकारी संस्थांना वाचायला मिळणार. संशोधन करणाऱ्याला जर्नल लागतं, त्याला माझा विरोध नाही. आपली पोरंही उद्या संशोधन करणार आहेत. पण तिथवर पोचायला आधी बी.ए. पार करावी लागते ना? वरचा मजला संगमरवरी, आणि खालच्या मजल्याला जिनाच नाही.

हा हिशोब नवा नाही. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं. पैसा रयतेच्या घामातून गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. जवळजवळ दीडशे वर्षं झाली. गोऱ्या कमिशनला जे ऐकू आलं नाही ते काळ्या साहेबांनाही येत नाही.

आमच्या नागपूरच्या बाजूला तर हे काम होऊन गेलेलं आहे. 1968-69 च्या सुमारास केंद्रानं प्रत्येक राज्याला विद्यापीठाच्या पातळीवरची पुस्तकं मातृभाषेत काढायला एक-एक कोटीची मदत ठरवली. त्यातून नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं. प्राध्यापकांकडून मराठीत पुस्तकं लिहून घेतली, स्वस्तात विकली. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात अजून त्यांची पिवळी पानं सापडतात. पुढं ते मंडळ बंद पडलं. आणि गंमत बघा. गोंदियाहून बाघ नदी ओलांडली की बालाघाट, मध्यप्रदेश. त्याच योजनेतून उभी राहिलेली त्यांची हिंदी ग्रंथ अकादमी चालूच आहे. नदी तीच, धान तेच, गरिबी तीच. अलीकडच्या पोरीनं काय पाप केलं?

कायदा आडवा येतो, असंही कुणी सांगू नये. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सवाल्याला कोर्टात खेचलं. 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की शिकवण्याच्या कामासाठी पुस्तकातला भाग काढून पोरांना देणं हा गुन्हा नाही. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या लिखाणावरचा कॉपीराइट 2016 अखेर संपला, ते आता कुणीही छापावं. तरी महाराष्ट्र सरकारची गोष्ट ऐका. बाबासाहेबांच्या खंडांच्या 9 लाख प्रती छापायच्या ठरल्या होत्या, चार वर्षांत छापल्या 33 हजार. कागद घेऊन ठेवलेला, तो पडून. 2021 च्या डिसेंबरात ही बातमी वाचून मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 1954 साली याच भंडारा मतदारसंघानं, ज्यात तेव्हा आमचा गोंदिया होता, बाबासाहेबांना पोटनिवडणुकीत पाडलं. आता त्यांची पुस्तकं गोदामात पाडून ठेवतात.

2024 मध्ये यूजीसीनं नवी योजना काढली. पाच वर्षांत भारतीय भाषांमध्ये 22,000 पुस्तकं. नाव काय, तर 'अस्मिता'. शब्द आपला उचललात, ठीक आहे. आता आपली माणसंही घ्या. नाहीतर तेच ते आडनावाचे सद्गृहस्थ इंग्रजीतलं बोजड मराठीत आणतील, मानधन घेतील, आणि आमच्या पोरीच्या हातात पुन्हा गाइड.

आणि आता जरा आपल्याच घरात. आपले काही शिकलेले लोक अभ्यास मंडळांवर पोचलेत. पोचल्यावर काय करतात? स्वतःचं पुस्तक संदर्भग्रंथात घुसवतात आणि पोरांना तेच घ्यायला लावतात. पाटी बदलली, गल्ला तोच. हे बोललं की म्हणतात, घरातलं धुणं चव्हाट्यावर नको. धुणं घरात धुतलं असतं तर चव्हाट्यावर आणलंच नसतं.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे.

एक. जो प्राध्यापक फुकट किंवा स्वस्त पुस्तक तयार करील, किंवा असलेलं वर्गासाठी जुळवून लावील, त्याला विद्यापीठानं रोख अनुदान द्यावं. तासिकावाल्याला आधी, कायमवाल्याला नंतर. नोकरीच्या मुलाखतीत त्या कामाला गुण द्यावेत.

दोन. जनतेच्या पैशानं झालेलं पुस्तक जनतेचं. कुणीही उतरवावं, छापावं, वाटावं, सुधारावं.

तीन. नुसती पीडीएफ चालणार नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, रेंज जाते. प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात छापील प्रती हव्यात.

चार. अभ्यास मंडळावर बसणाऱ्यानं स्वतःचं विकतचं पुस्तक लावू नये.

पाच. नागपूरचं मंडळ पुन्हा सुरू करा. लिहिणाऱ्यांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, बाया असल्याच पाहिजेत.

तुम्ही शहरातली शिकलेली पोरं हे वाचताय. कविता मीही लिहितो, पण कवितेनं पुस्तक स्वस्त होत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घ्या, माहितीच्या अधिकारात आपल्या विद्यापीठाला अर्ज टाका. गेल्या पाच वर्षांत विकत घेतलेल्या पुस्तकांवर आणि जर्नलांवर किती खर्च केला? मराठीत फुकट पाठ्यपुस्तक करणाऱ्या मास्तरांना किती दिले? उत्तराचा कागद या मासिकाकडे पाठवा. आम्ही छापू. आकडा शून्य निघाला तर शून्यच छापू, पानभर मोठा.

बहिणीचे चौदाशे मी पाठवले. दोन डबल पाळ्या केल्या. पण माझ्या खांद्यावर किती पोरींची बी.ए. होणार?

जय भीम.