आकृतीला पाच गुण, श्वासाला शून्य

देवासला मी जीवशास्त्र शिकवायचो. 'श्वसनसंस्थेची आकृती काढून नावे द्या' हा ठरलेला प्रश्न. मुलं छापल्यासारखी आकृती काढत: उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, खाली श्वासपटल. "यातलं हलतं काय?" असं विचारलं की एका सुरात उत्तर यायचं, "फुप्फुस, सर." अरे, फुप्फुसाला स्वतःहून फुगता येतच नाही! श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात, छातीतला दाब उतरतो, मग हवा आत शिरते. शरीर शिकवायचं ते इथून. नावं मागाहून येतात.

आमच्या गावाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने खंगलेले, कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. तरी त्यानंतर १९९२ पर्यंतच्या आयुष्यात ते गायलेच. कसे? शांत बसलेला माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा घेतो. छातीत त्याच्या कितीतरी पट जागा राखीव असते. म्हणून एका फुप्फुसावर संसार चालतो. गाताना मात्र त्या शिलकीलाच हात घालावा लागतो. स्वर उमटतो बाहेर जाणाऱ्या श्वासावर, आणि स्वरतंतू नीट जुळत असतील तर थोड्या हवेतही काम होतं. (त्यांची गायकी आजारातून जन्मली असं सरसकट म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बालवयातच मैफली गाजवलेला माणूस तो.)

जे फुप्फुसाचं तेच रक्ताचं. धार जिल्ह्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तिथे तांबड्या पेशीची गोल आकृती गिरवून घेणं मला चेष्टा वाटते. हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलतं, ऑक्सिजन कमी पडला की पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पोर अंगदुखीने कळवळतं. कुणाच्या तरी घरात हे रोजचं असतं, वर्गात मात्र त्याचा विषयच निघत नाही.

प्रयोगशाळा नाही ही सबबही चालणार नाही. देवासमधल्या माताजीच्या टेकडीच्या पायऱ्या चढण्याआधी आणि चढल्यावर मिनिटाचे श्वास मोजा, नाडी मोजा, दोन्ही पूर्ववत व्हायला किती वेळ लागला ते वहीत लिहा. आकृतीचे पाच गुण निम्मे करून उरलेले या वहीला द्यायला परीक्षा मंडळाची हरकत काय आहे?