कृती फुकट, कळ्यांचे पैसे

केळशीतल्या नि आसपासच्या बागायतदारांनो, पाहुण्यांसाठी खोल्या ठेवणाऱ्यांनो, एक विनंती आहे.

चार वर्षांचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब मी एका विकतच्या सॉफ्टवेअरात ठेवला होता. जूनमध्ये वीज पडली आणि कॉम्प्युटर गेला. पेनड्राइव्हवर बॅकअप होता, पण तो उघडायला तेच सॉफ्टवेअर हवं, आणि त्याचं लायसन्स मेलेल्या मशीनला बांधलेलं. विकणाऱ्याने पुन्हा पुरी किंमत मागितली. शेवटी व्यापाऱ्यांनाच फोन करून विचारलं, ‘भाऊ, आमचं तुमच्याकडे किती येणं?’ हसा खुशाल.

तेव्हापासून मी मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. लोक विचारतात, कोड उघडा ठेवतात, फुकट देतात, मग खातात काय? उकडीच्या मोदकाची कृती कोकणात कुणाला ठाऊक नाही? तरी गणपतीत ऑर्डरी घेणारीला उसंत नसते. पैसे कृतीचे नसतातच. उकड मळायचे, कळ्या पाडायचे आणि वेळेवर पोचवायचे असतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर असंच आहे: कोड कुणीही उतरवून घ्यावा, कंपनी कमावते ते सर्व्हरवर चालवून देण्यावर आणि अडल्यावर मदत करण्यावर. रेड हॅट कंपनीने लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर तेच केलं. २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलर मोजून घेतली.

सगळं गोड नाही. २०२३ मध्ये हॅशीकॉर्प कंपनीने सर्व्हर उभारायच्या आपल्या टेराफॉर्म या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सला नव्या अटी लावल्या. पण आधी खुला झालेला कोड परत घेता येईना. तो घेऊन इतरांनी ओपनटोफू उभं केलं. बंद सॉफ्टवेअरात ही वाट नसते.

पन्नास-शंभर कलमांच्या बागेला ईआरपीनेक्स्ट जड होईल. लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरातला हिशेबाचे तक्ते करायचा कॅल्क पुरे. तो देणग्यांवर चालतो, तेव्हा दोनशे रुपये तरी पाठवा. मोठं काही घ्यायचं तर विक्रेत्याला आधी विचारा: माझा हिशेब कुठेही उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून दाखवाल? तोंडी ‘हो’ ऐकू नका, समोर काढायला लावा. आणि सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोराला चहावर बोळवू नका. त्याची मजुरी द्या, नाहीतर पुढच्या पावसात तो फोन उचलणार नाही.

सध्या पेट्यांची धांदल नाही. दुपारी मी घरीच असतो. पेनड्राइव्ह घेऊन या, जुना हिशेब निघतो का बघू.