सज्ज्याखालचें मोहोळ

द्वारकेचा चौक नाशिककरांस सांगावयास नको. मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता जेथें मिळतात, तेथल्या कोलाहलांत मधमाशीची गुणगुण कोणाच्या कानीं पडणार? परंतु यंदा माघांत आमच्याच इमारतीच्या सज्ज्याखालीं आग्या मोहोळ लागलें आणि घरांत दोन तट पडले. थोरले भावजी म्हणाले, "रात्रीं टेंभा लावून जाळणाऱ्यास बोलवा." सासूबाईंचा त्यास दुजोरा. घरांत रांगतें मूल असतां त्यांची धास्ती वावगी म्हणतां येणार नाहीं. विरुद्ध पक्षांत एकटी सहावींतली पुतणी. "बाबा, फुलांचा बहर सरला कीं त्या आपण होऊन जातील. आम्हांला शाळेंत सांगितलें आहे."

हिच्या शाळेंत गेल्या वर्षापासून सातेरी माशांची एक पेटी आहे. आग्या माशी उघड्यावर एकच मोठें पोळें बांधते, ती पेटींत राहात नाहीं. सातेरी ही झाडाच्या ढोलींत, अंधारांत राहणारी, म्हणून पेटींत नांदते. पेटीच्या एका बाजूस कांच आहे. मुलें तींतून पाहतात व वहींत टिपून ठेवतात. नुकतीच जन्मलेली कामकरी माशी प्रथम घरटीं साफ करते, मग अळ्यांस भरविते, पुढें मेण काढून पोळें बांधते, दारावर पहारा करते आणि शेवटीं फुलांवर जाते. आपल्याकडे सुनांच्या वांट्यास पहिलीं दोन कामें जन्मभर राहतात, असें माझ्या मनांत आलें. तें मीं बोलून दाखविलें नाहीं.

'मधमाशी हा उपयुक्त कीटक आहे' हें वाक्य आम्हींही लहानपणीं पाठ केलें होतें. तरी मोहोळ दिसतांच आम्हांस टेंभाच सुचला. कांचेआड माशी पाहिलेल्या मुलीस तो सुचला नाहीं.

नाशिकच्या मुलांस तर हें शिक्षण विशेष हवें. लासलगांवचा कांदा सर्वांस ठाऊक, पण कांद्याचें बी कसें धरतें हें किती घरांस ठाऊक आहे? कांद्याच्या फुलांत पराग आधीं झडतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून दुसऱ्या फुलावरचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो, आणि तें काम मुख्यतः माशांचें. द्राक्षाची गोष्ट निराळी. तें बहुतेक आपल्याच परागानें धरतें. मधमाशीवांचून द्राक्ष बुडेल असें शिकविणें खोटें होईल. पण द्राक्षबागेच्या फवारणींत सांपडलेली माशी शेजारच्या कांद्यापर्यंत पोहोंचत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

महाबळेश्वराजवळचें मांघर २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. तेथें माशी घरचीच. शहरांतल्या मुलांस ती आणून दाखवावी लागते. स्लोव्हेनिया देशांत पुष्कळ शाळांतून मधुपालनाचीं मंडळें चालतात. त्याच देशाच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०१७ सालीं २० मे हा जागतिक मधमाशी दिन ठरविला. आपल्या शिक्षकांस शिकावयाचें असल्यास पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे.

मात्र कित्येकांस एकाच दंशानें श्वास कोंडण्याइतका विकार होतो. तेव्हां पालकांस आधीं विचारावें आणि डॉक्टरांची सोय हाताशीं ठेवावी. शाळेनें मधाच्या बरण्या विकण्याचा हव्यासही धरूं नये. शिवाय एका पेटीनें आग्या, फुलोरी किंवा एकट्या राहणाऱ्या रानमाशा वांचत नाहींत. त्यांस फुलणारीं झाडें हवींत, आणि टेंभा नको.

आमच्या घरीं शेवटीं भावजींनीं पंधरा दिवसांची मुदत दिली. खिडक्या बंद झाल्या, बाळाचा पाळणा मागल्या खोलींत गेला, सज्ज्यांतला दिवा रात्रीं मालवूं लागलों, कारण आग्या माशी दिव्यावर झेंपावते. इतक्यांत पलीकडच्या इमारतीवरचें मोहोळ कोणी जाळलें. सकाळीं रस्त्यावर माशांचा खच पडला होता, आणि वांचलेल्या दिवसभर पिसाळून फिरत होत्या. दूधवाल्यास चार दंश झाले. तें पाहून सासूबाईच म्हणाल्या, "आपलें राहूं द्या."

चैत्रांत एके सकाळीं पाहतों तों माशा गेलेल्या. रिकामें पोळें तेवढें लोंबत होतें. त्या पुष्कळदां त्याच जागीं परत येतात, असें पुतणीनें सांगितल्यापासून भावजींनीं तेथला दिवा कायमचाच काढविला आहे.