आधी ऐकून घ्या

शाळेत प्रार्थनेला मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. आपण भलत्याच रांगेत उभे आहोत, हे काहींना पहिलीतच जाणवतं. काहींना आवाज फुटल्यावर किंवा पाळी सुरू झाल्यावर. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी शिकण्याच्या वयातच पुण्यातलं घर सोडलं. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला घरच्यांपासून न्यायालयाच्या आदेशाविना तोडता येणार नाही, असं २०१९च्या कायद्याने सांगितलं. पण घरच्यांनीच घालूनपाडून बोलून त्याला बाहेर काढलं तर? आईबाबांनो, ‘खूळ आहे, जाईल’ म्हणू नका. लगेच कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. ताट वाढताना मुलाने सांगितलेल्या नावाने हाक मारा. एवढं आजच जमेल.