निवेदन पंचनामा कोणाच्या शब्दांत?

‘मी मयतास ज्या चाकूने भोसकले तो चाकू घरामागील उकिरड्यात लपवून ठेवला असून तो काढून देतो.’ सत्र न्यायालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वाचलेले आहे. चाकूच्या जागी कोयता येतो, उकिरड्याच्या जागी विहीर; बाकी मजकूर तोच. आरोपी धडगावकडचा, घरीदारी पावरी बोलणारा असला तरी निवेदन उतरते ते पोलीस ठाण्याच्या मराठीत.

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येऊ द्यायची नाही, हा दंडक १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासूनचा. १८७२ च्या पुरावा अधिनियमातून तो १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आला आणि कबुलीतला शोधापुरता भाग पुराव्यात येऊ देणारे जुने कलम २७ त्याच कलमाचे परंतुक झाले. कलमांचे आकडे बदलले, तरी १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात आखून दिलेली मर्यादा कायम आहे. अमुक जागी चाकू दडवलेला आहे आणि ते आरोपीला ठाऊक आहे, एवढाच काय तो शोध. ‘ज्या चाकूने भोसकले’ हा तुकडा त्यात बसत नाही. तरीही अख्ख्या पंचनाम्यावर निशाणी पडते आणि बचावाचे वकील गप्प बसतात. हे अक्षम्य आहे. एकदा वाचलेली कबुली न्यायाधीशांच्या मनातून पुसायची कोणी?

सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की ठाण्यावर दोन स्वतंत्र पंचांसमोर आरोपीचे नेमके शब्द पंचनाम्याच्या पहिल्या भागात यावेत. सरकारी वकिलांनी सरतपासणीत पंचाच्या तोंडून ते शब्द आणलेच पाहिजेत; ‘आरोपीने निवेदन केले’ एवढ्याने भागत नाही. बचावाने विचारावे, आरोपी कोणत्या भाषेत बोलला, लिहिणाऱ्याला ती येत होती का? मात्र प्रश्न जपून, नाहीतर भोसकल्याची कबुली आपल्याच उलटतपासातून नोंदीत जायची. जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता सक्तीचे आहे. ते मागवून घ्या आणि कॅमेरा निवेदनापासून सुरू झाला की थेट उकिरड्यापाशी, हे पाहा. अग्राह्य मजकुरावरची हरकत अंतिम युक्तिवादासाठी राखून ठेवू नका. निशाणी पडण्याआधी ती घ्या आणि नोंदवली गेली का, याची खात्री त्याच दिवशी करा.