वाचनकट्टा : गेममधून आलेली गोष्ट

दोस्तांनो,

मागच्या महिन्यात याच पानावर मी तुम्हाला 'इको : कॅसल इन द मिस्ट' ही कादंबरी वाचायला सुचवली होती आणि एक प्रश्न टाकला होता : व्हिडिओ गेमवरून लिहिलेल्या पुस्तकाला 'खरं' पुस्तक म्हणायचं का? अबब! केवढी पत्रं आली! त्यातली निम्मी तर एकमेकांशी भांडणारी. बरंच झालं. भांडण नसेल तर तो कट्टा कसला?

ज्यांना पुस्तक मिळालं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'इको' हा गेम २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला. तो जपानच्या फुमितो उएदा यांच्या कल्पनेतला. इको हा डोक्यावर शिंगं असलेला मुलगा. असं मूल जन्मलं की त्याला बळी म्हणून दूरच्या किल्ल्यात नेऊन दगडी पेटीत बंद करायचं, ही रीत. पेटी फुटते, इको बाहेर येतो आणि त्याला पिंजऱ्यात अडकलेली योर्डा भेटते. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. मग तो तिचा हात धरतो आणि दोघं वाट शोधू लागतात. याच कथेवर मियुकी मियाबे या नामवंत जपानी लेखिकेने २००४ मध्ये कादंबरी लिहिली. इंग्रजी अनुवाद २०११ साली आला.

आता तुमची मतं.

आठवीतला एक मित्र जाम चिडलाय. तो लिहितो, "ताई, गेममध्ये योर्डाचा हात धरायला एक बटण दाबून ठेवावं लागतं. बोट सुटलं की हातही सुटतो. सावल्या तिला ओढून न्यायला येतात तेव्हा पोटात गोळा येतो! पुस्तकात नुसतं 'हात धरला' असं वाचायचं. त्यात काय मजा?"

मुद्दा बिनतोड आहे. वाचताना आपलं बोट दुखत नाही, हे खरंच.

नववीतल्या एका मैत्रिणीची तक्रार वेगळी आहे. गेममध्ये कोणी फारसं बोलतच नाही आणि ती शांतताच तिला आवडते. "पुस्तकात राणी कोण, किल्ला कुणाचा, सगळं सांगून टाकलंय. मग मी मनात रचलेल्या गोष्टीचं काय करू?"

यावर सहावीतल्या एका छोट्या दोस्ताचं उत्तर ऐका. "आमच्याकडे गेमचं मशीन नाही. मामेभावाकडे आहे, पण तो हात लावू देत नाही. मी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. दीड महिना लागला. आता त्याच्यापेक्षा मला योर्डाबद्दल जास्त माहीत आहे." शाब्बास रे पठ्ठ्या! या पत्राखाली त्याच्या आईनेही दोन ओळी लिहिल्या आहेत : 'गेमचं पुस्तक म्हणून आधी मी रागावले होते. आता रात्री मीच चोरून वाचते.'

काहीजणांनी विचारलंय, पुस्तक वाचून गेममधली कोडी सुटतील का? अजिबात नाही! लेखिकेने सुरुवातीलाच बजावलंय की घटनांचा क्रम, कोड्यांची उत्तरं, इतकंच काय, किल्ल्याची रचनाही तिने जागोजागी बदलली आहे. म्हणजे ही गेमची गाइड नव्हे. तिला तीच गोष्ट पुन्हा सांगायची नव्हतीच.

मग तिला काय सांगायचं होतं? मला वाटतं, याचं उत्तर पहिल्याच भागात आहे. गेम सुरू होतो तेव्हा इकोला घोड्यावरून किल्ल्याकडे नेत असतात. त्याचं गाव आपल्याला दिसतच नाही. पुस्तक मात्र गावातून सुरू होतं. तिथे त्याला वाढवणारी माणसं आहेत, टोटो नावाचा जिवाभावाचा मित्र आहे. बळी दिला नाही तर आपल्यावर कोप होईल, ही भीती सगळ्या गावाला आहे. ज्यांनी त्याला भरवलं, खेळवलं, तीच माणसं त्याला निरोप देतात. ती दुष्ट नाहीत. त्यांना रडू येतं, तरी ती त्याला पाठवतातच. हे वाचताना मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसतीच बसले होते.

आणि योर्डा! गेममध्ये आपण तिला ओढत नेतो. पुस्तकाचा मोठा भाग तिच्या भूतकाळाचा, तिच्या नजरेतून सांगितलेला. तिथे आपल्याला कळतं, की जिला सोडवायचं तिलाही भीती असते, आठवणी असतात, स्वतःचं मत असतं.

म्हणून माझा निकाल असा : बोटाला जे कळतं ते गेमने दिलं, आणि निरोप देणाऱ्यांच्या मनात काय होतं ते पुस्तकाने दिलं. गोष्ट कुठून आली यापेक्षा ती आपल्याला कुठे नेते हे बघावं. नववीतल्या मैत्रिणीला मात्र सांगते, तुझी मनातली गोष्ट मुळीच टाकू नकोस. वहीत लिहून काढ. मियाबेबाईंनीही तेच तर केलं!

शेवट मी सांगणार नाही. उगाच विचारू नका!

आता पुढचा प्रश्न. समजा, तुम्ही इकोच्या गावात राहता. सगळं गाव 'त्याला पाठवा' म्हणतंय. तुम्ही काय कराल? दहा ओळींत लिहा, पण खरं लिहा. 'मी एकटा लढेन' असं लिहिणं फार सोपं असतं बरं का!

पत्रांची वाट बघते.

तुमची,
कट्ट्यावरची ताई