ताबा घेण्याच्या दिवशी जमणारी चळवळ काय कामाची?

शुक्रवार पेठेतल्या एका घराचा ताबा घ्यायला फायनान्स कंपनीची माणसं पोलीस बंदोबस्तात आली, तेव्हा आम्ही वीस-पंचवीस कार्यकर्ते दारात घोषणा देत उभे होतो. दुपारी सील लागलं. आई विड्या वळणारी, मुलगा यंत्रमागावर. त्याची पाळी बंद झाली आणि हप्ते तुंबले. नंतर त्या माऊलीने पिशवीतून नोटिशी काढल्या. पहिली आठ महिन्यांपूर्वीची, इंग्रजीत. ती वाचून सांगायला आमच्यापैकी एकही तिच्या दारी गेला नव्हता.

"कर्ज घेतलं तर फेडायला नको का?" असं आपलेच नोकरदार बांधव विचारतात. फेडायला हवंच. पण मधला न्यायाधीश कुठे गेला? 2002 च्या सरफेसी कायद्याने तारण घर न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना दिला. कलम 34 ने दिवाणी न्यायालयाचं दार लावून घेतलं. जिल्हाधिकारी ताब्यासाठी मदत देतात, ते कर्जाचा वाद ऐकत नाहीत. आता मागे बघा. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर इंग्रज सरकारने 1879 साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांना लागू होता. सावकाराच्या वह्या उघडून हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. (आपल्या बिनजमिनीच्या पूर्वजांना त्याचा किती उपयोग झाला असेल, ते वेगळं.) त्याच सोलापुरात आज कर्जदाराचं ऐकायला आधी कोणी नाही. घर गेल्यावर न्यायाधिकरण आहे.

तरी कायद्यात फटी आहेत, आणि प्रत्येक फटीला तारीख आहे. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए. मग 60 दिवसांची नोटीस. या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणासहित उत्तर द्यावंच लागतं. आपली माणसं ही हरकत घेतच नाहीत, कारण सांगणारं कोणी नसतं. ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे जमवणाऱ्याला कायदा ओळखत नाही. घर विकूनही कर्ज फिटलं नाही तर उरलेली रक्कम मागे लागते. जास्त पैसे आले तर ते कर्जदाराचे असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता स्वस्तात मिळतंय म्हणून लिलावातलं घर घेऊ पाहणाऱ्यांना दोन शब्द. बोली लागली की 25 टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. बाकीचे वेळेत जमले नाहीत तर तेही जप्त. विक्री 'जसे आहे तसे' असते. जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिलं असेल, तर आत कुटुंब राहतंय असं समजा. त्या कुटुंबाला बाहेर काढायचं ओझं तुम्ही विकत घेताय, आणि ते कुटुंब बहुतेक आपल्यासारखंच असणार.

शुक्रवार पेठेतल्या घराच्या लिलावाची जाहिरात अजून निघालेली नाही. 45 दिवसांपैकी 19 गेलेत. वकील बघितलाय, कागदांचं भाषांतर चाललंय. दर रविवारी संध्याकाळी आम्ही विहारात बसतो; ज्यांच्या घरी बँकेचं न वाचलेलं पाकीट पडलंय, त्यांनी ते घेऊन यावं.